लाल दिवा आणि पंचवीस मिनिटं

धाकट्याची परीक्षा जवळ आली की घरातला पंखा पांढरा दिसायला लागायचा. तसा तो मुळात पांढराच होता, पण एरवी हे कुणाच्या लक्षात राहायचं नाही. धाकट्याने पुस्तक उघडलं की त्याला पहिल्यांदा पात्यांवरची धूळ दिसायची. धूळ पुसायला स्टूल ओढलं की स्टुलाचा लुळा पाय दिसायचा. पाय ठोकायला हातोडी शोधायला जावं तर हातोडीच्या डब्यात कधीकाळी हरवलेली कॅरमची राणी सापडायची. आता राणी सापडल्यावर एक डाव तरी नको का? संध्याकाळपर्यंत घर लखलखीत, स्टूल भक्कम, राणी ताब्यात, आणि पुस्तक आपलं पहिल्या पानावर आ वासून पडलेलं.

"तू दर सहा महिन्यांनी नापास होत जा रे," ताई म्हणायची. "घर कसं छान राहतं."

विषय एकच होता, संख्याशास्त्र. बाकीचे सगळे पेपर कधीच सुटले होते. हा मात्र माशाच्या काट्यासारखा घशात बसला होता. विद्यापीठाच्या खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं होतं, "जुना कोर्स बंद होतोय. ही शेवटची संधी. पुढचा!" लांबच्या शहरातल्या एका ऑफिसने सांगितलं होतं, पदवी घेऊन या, नोकरी तुमचीच. आणि मामाने सांगितलं होतं, पदवी नाही मिळाली तरी या.

मामाचं दुकान नळ, बेसिन आणि कमोडचं. "भाचेबुवा," मामा दिलदारपणे म्हणायचा, "ऑफिसात खुर्ची मिळो न मिळो. आपल्याकडे बसायच्या जागेला तोटा नाही." यावर मामा स्वतःच एवढा हसायचा की त्याला पाणी द्यावं लागायचं. धाकटा हसायचा नाही. रोज त्या पांढऱ्याशुभ्र रांगेसमोर उभं राहून गिऱ्हाईकाला 'बसून बघा' म्हणणारा स्वतःचा आवाज त्याला आत्तापासूनच ऐकू यायला लागला होता.

तर ही पंचवीस मिनिटांची भानगड आणली ताईने. तिच्या बँकेत कुणीतरी या पद्धतीने कसली तरी अवघड परीक्षा काढली होती. पद्धत सोपी. पंचवीस मिनिटं अभ्यास, मान वर करायची नाही. मग पाच मिनिटं सुट्टी. पुन्हा पंचवीस. "पंचवीस मिनिटं तर कुणीही बसेल," ताई म्हणाली. मग धाकट्याकडे नीट बघून म्हणाली, "म्हणजे, बहुतेक."

पहिल्या दिवशी त्याने मोबाइलवर वेळ लावली. किती मिनिटं झाली ते बघायला मोबाइल उचलला. मिनिटं झाली होती चार. तेवढ्यात एका व्हिडिओत एक माणूस नुसत्या दगडांनी विहीर बांधताना दिसला. विहीर पूर्ण झाली, पाणी लागलं, त्या माणसाने त्यात उडीसुद्धा मारली, आणि बाहेर दिवेलागण झालेली होती. ताईने मोबाइल काढून घेतला आणि बँकेच्या पिशवीत टाकला. दिवसभर तो आता बँकेत राहणार होता, एवढी सुरक्षित वस्तू त्या घरात दुसरी नव्हती.

"मग वेळ कशावर लावू?" धाकटा म्हणाला. त्याला वाटलं, सुटलो.

तेव्हा पेपरामागून बाबांचा आवाज आला. "घंटा पाहिजे? आहे माझ्याकडे."

बाबांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ रस्त्यावर, पण डार्करूम घरात. बोळाच्या टोकाला, न्हाणीघराशेजारी, खिडकी नसलेली एक चिंचोळी खोली. रोल धुणं, फोटो छापणं सगळं तिथे चालायचं. मग रस्त्यापलीकडे एक चकचकीत दुकान आलं, त्यात पाच मिनिटांत मशीनमधून फोटो निघायला लागले, आणि बाबांनी एक दिवस डार्करूमला कडी घातली. आता तिथे जुने ट्रे, धान्याचे डबे, आणि पहिल्यापासून तिथेच लटकणाऱ्या आईच्या मोठ्या चाळण्या असायच्या.

बाबांनी माळ्यावरून कापडात गुंडाळलेलं ते घड्याळ काढलं. ताटाएवढी पांढरी तबकडी, काळा जाडजूड काटा. चावी द्यायची, काटा हव्या त्या मिनिटावर ठेवायचा, की तो उलटा शून्याकडे निघायचा. शून्यावर आला की जी घंटा व्हायची ती खोलीतल्या माणसासाठी नसून अख्ख्या बिल्डिंगसाठी असावी. बाबा अंधारात काम करताना मोठ्याने गाणी म्हणायचे, त्यांच्या आवाजावर मात करील असंच घड्याळ त्यांना घ्यावं लागलं होतं. असं आई सांगायची.

"आणि बसायचं डार्करूममध्येच," बाबा म्हणाले. "तिथे पंखा नाही."

मुद्दा बिनतोड होता. डबे एका कडेला सरकले, एक टेबल आत गेलं. बाबांनी दाराबाहेरचा लाल दिवा पुसला, बटण दाबलं, आणि इतक्या वर्षांनी तो लागला. तो लागल्याबरोबर आई आपोआप दोन पावलं मागे सरकली.

त्या लाल दिव्याचा घराला धाक होता. दिवा चालू असताना दार उघडायचं नाही. घराला आग लागली तरी बाहेरून आधी ओरडून सांगायचं. कारण एकदा, धाकटा रांगत होता तेव्हा, आईने चाळणीसाठी दार उघडलं होतं. बाबांच्या हातात रोल उघडा होता. त्यावर उजेड पडला आणि एका क्षणात एक अख्खं लग्न पांढरं झालं. बाबांनी त्या लोकांच्या पाया पडून सगळ्यांना पुन्हा नटायला लावलं, पुन्हा हार घातले. पण मधल्या पंधरवड्यात सुनेचं आणि सासूचं वाजलं होतं. त्यामुळे त्या अल्बममध्ये सगळे जण फुगून बसलेत. ते जोडपं अजून कधी रस्त्यात भेटलं की बाबा दुकानात शिरतात, कुठल्याही.

तर दिवा लाल असेपर्यंत दार बंद. आणि घंटा झाली की दार उघडं. हा नियम इतका मुरलेला होता की त्याचा दुसरा अर्धा भाग काय गोंधळ घालणार आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पहिली पंचवीस मिनिटं धाकट्याने प्रामाणिकपणे काढली. म्हणजे त्यातली दहा तरी. घंटा झाली, बिल्डिंग हादरली, त्याने हात वर ताणून जांभई द्यायला तोंड उघडलं, आणि तोंड उघडं असतानाच दार उघडलं.

"गॅसवाल्याला फोन कोणता नंबर दाबून करायचा?" आई.

"माझा चष्मा या टेबलावर होता," बाबा.

"तू माझी छत्री कुणाला दिलीस?" ताई.

तिघं एकदम आत, खोली दीड माणसाची. कुणीही चुकत नव्हतं. दार बंद होतं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं. पंचवीस मिनिटं सगळ्यांनी आपापले प्रश्न तोंडात धरून ठेवले होते, आणि घंटा झाल्यावर सोडले होते. अगदी पूर्वीसारखं. पाच मिनिटं संपली तेव्हा धाकट्याने गॅस नोंदवला होता, चष्मा शोधला होता आणि छत्रीबाबत खोटं बोलला होता. शेवटी आई परत आली. "आणि ती मोठी चाळणी दे जरा, तुझ्या डोक्यावरच आहे."

घंटा वरपर्यंत जात होती. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरचे कंडक्टर काका खाली आले. आयुष्यभर बसमध्ये घंटा मारून ते निवृत्त झालेले, त्यामुळे या विषयात त्यांच्याइतका अधिकार कुणाचा नव्हता.

"एकच घंटा?" ते दारातून म्हणाले. "एक म्हणजे थांबा. कळलं. पण सुटायची घंटा कुठंय? सुटायला दोन लागतात. माणसाला कळणार कसं गाडी निघाली?"

"काका, मी बसलो की निघाली."

"तुला कळलं रे. पॅसेंजरला?"

पॅसेंजर म्हणजे कोण हा प्रश्न धाकट्याला पडायच्या आत पॅसेंजर जमायला लागले. समोरच्या नर्सबाई ड्युटीवरून आल्या की मोबाइलमधले फोटो कुठे गायब होतात ते विचारायला यायच्या. त्या रीतसर घंटेची वाट बघत बोळात बसायच्या, आई त्यांना चहा द्यायची. मग त्यांच्यासोबत कुणी कुणी. "तो आत आहे, पण पाच मिनिटांत मोकळा होईल," असं आई दारात अभिमानाने सांगायची. मुलगा कधी नव्हे तो एवढा कामात गढलेला ती पहिल्यांदाच बघत होती. कंडक्टर काका बोळाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसायला लागले, त्या भक्कम पायाच्या स्टुलावर. घंटा झाली की उठून म्हणायचे, "चला, पुढे सरका, पुढे सरका. एकाला एकच प्रश्न." आणि पाच मिनिटं संपली की दारावर बोटाने टक टक. "सुटली!"

सल्ले वेगळेच. नर्सबाई म्हणाल्या, दर पंचवीस मिनिटांनी ग्लासभर पाणी पी. तो प्यायला. त्यामुळे पुढच्या सुट्टीत त्याला जिथे जायचं होतं तिथे जाताच आलं नाही, कारण रांग होती, आणि ती रांग त्याच्यासाठीच होती. बाबा रोज घड्याळाला कान लावून म्हणायचे, "माझा रोल याच्या निम्म्या वेळात निघायचा. पण तू जाड कागद आहेस, तुला पंचवीस लागतील."

आणि मग एक दिवस धाकट्याच्या लक्षात आलं, की तो घंटेला घाबरतोय. काटा शून्याकडे यायला लागला की त्याचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर जायचे. आता दार उघडणार, आता चाळणी. उलट दार लागलं, बाहेर दिवा लाल झाला की कसं शांत वाटायचं. आत कुणी नाही. फक्त तो आणि संख्याशास्त्र. ज्याला तो इतकी वर्षं टाळत होता तोच आता घरातला एकमेव सभ्य माणूस वाटायला लागला. काही मागत नाही, गॅस नोंदव म्हणत नाही. गप्प बसून उत्तराची वाट बघतो. कोणे एके काळी अभ्यासातून सुटका म्हणून सुट्टी असायची. आता सुट्टीतून सुटका म्हणून अभ्यास. पद्धत शोधणाऱ्याला हे अपेक्षित होतं का देव जाणे, पण प्रकरणं पुढे सरकायला लागली.

खोलीला अजून तो वास होता. व्हिनेगरसारखा, नाकात चढणारा. त्या वासात बसलं की त्याला आठवायचं, तो आणि ताई लहानपणी याच बोळात लाल दिव्याखाली बसायचे, गुडघे जवळ घेऊन. आतून बाबांचं गाणं यायचं. घंटा झाली की दोघं आत धावायचे आणि बाबा त्याला काखेत धरून उचलायचे. दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले ओले फोटो, त्यातून टपटपणारं पाणी, अनोळखी लोक हसताहेत. बाबा दिवसभर कुणाचे असतील ते असोत. घंटेनंतरची ती पाच मिनिटं त्या दोघांची.

मधे परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि त्याला फोटो लागणार होता. झालं. बाबांच्या अंगात आलं. त्यांनी धाकट्याला खिडकीशी बसवलं, एका बाजूने उजेड घेतला, जुना कॅमेरा काढला, कुठून तरी रोल धुवायच्या औषधांची पाकिटं मिळवली, आणि एक अख्खी दुपार धाकट्याला बाहेर काढून स्वतः डार्करूममध्ये गेले. आतून गाणं ऐकू आलं. घंटा झाली, सगळे धावले. काळा-पांढरा फोटो. एक गाल उजेडात, एक गाल सावलीत, डोळ्यांत कसलं तरी गहन दुःख. ते दुःख संख्याशास्त्राचं होतं, पण फोटोत शोभून दिसत होतं.

खिडकीतल्या कारकुनाने या वेळी मान वर केली. फोटोकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं.

"हे गेले कधी?"

"कोण?"

"हे फोटोतले."

"मीच आहे तो."

"अर्धेच आहात. दोन्ही कान लागतात. रंगीत लागतो. पाठीमागे पांढरं लागतं. पुढचा!"

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः खिडकीवर गेले. "ती सावली आहे," ते म्हणाले. "सावलीमुळेच चेहऱ्याला खोली येते."

"काका, सावली चालत नाही आमच्याकडे. उद्या शेवटची तारीख."

बाबा घरी आले. चहाही घेतला नाही. मग उठले, शर्ट बदलला, आणि धाकट्याला घेऊन रस्ता ओलांडून त्या चकचकीत दुकानात गेले. इतक्या वर्षांत ते त्या दुकानाच्या बाजूच्या फुटपाथवरूनही चालले नव्हते. काउंटरवरच्या बाईने धाकट्याला स्टुलावर बसवलं, भिंत पांढरी, दोन्ही कान पुढे. ती बटण दाबणार एवढ्यात मागून बाबा हळूच म्हणाले, "हनुवटी जरा खाली घे. हां. आता श्वास सोड."

फोटो पाच मिनिटांत आला. बाबांनी तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "कान चांगले आलेत."

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, रविवारी, मामा आला. येताना दुकानाचा टी-शर्ट घेऊन आला होता. पाठीवर कमोडचं चित्र, खाली दुकानाचं नाव. "नुसतं माप बघायचंय हो अक्का. निकाल काही का लागेना, माप तर कळेल," तो आईला म्हणाला. आईने टी-शर्टकडे बघितलं आणि आत जाऊन उगाचच भांडी घासायला घेतली.

"कुठंय भाचेबुवा?"

"आत आहे. घंटा झाली की भेटेल," कंडक्टर काका म्हणाले. "तुम्ही नर्सबाईंच्या मागे."

सगळे बसले. घंटा होईना. चहा झाला. दुसरा चहा झाला. नर्सबाईंनी घड्याळ बघितलं. कंडक्टर काका अस्वस्थ झाले, "गाडी लेट आहे."

"झोपला असेल," ताई म्हणाली.

"झोपला तरी घंटेने उठेल. घंटाच झाली नाही."

"पळून गेला असेल," मामा आशेने म्हणाला.

"खिडकी नाहीये आत."

मग आई घाबरली. "अहो, आत हवा तरी आहे का? चक्कर आली असेल त्याला. सकाळी नीट खाल्लंही नाही. दार उघडा."

"दिवा लाल आहे," बाबा म्हणाले.

"खड्ड्यात गेला तुमचा दिवा! पोर आत आहे."

"दाजी, व्हा बाजूला, मी उघडतो," म्हणत मामाने दाराच्या मुठीला हात घातला. आणि बाबांनी, ज्यांनी जन्मात मेहुण्याला साधं उलट उत्तर दिलं नव्हतं, त्याच्या हातावर फाडकन चापट मारली. मग ते दाराला पाठ लावून खाली फरशीवर बसले. नर्सबाईंनी बाजूने दाराला कान लावला. सगळे श्वास धरून.

"पान उलटल्याचा आवाज आला," त्या कुजबुजल्या.

"ऐकलंत?" बाबा म्हणाले. "आत काम चालू आहे. आत्ता उघडलं तर सगळं पांढरं होईल. एकदा केलंय आपण." आई पण त्यांच्या शेजारी खाली बसली. मग ताई. मग कंडक्टर काकांनी स्टूल मामाला दिलं. खाली वाण्याकडे जायचं कुणाला सुचलं नाही, दूध उतू गेलं, नळ वाहत राहिला. अख्खं घर लाल उजेडात बोळात गुडघे जवळ घेऊन बसलं होतं.

ऊन खिडकीतून उतरून गेलं तेव्हा दार आतून उघडलं. दाराला टेकलेले बाबा मागे आडवे झाले. वर धाकटा उभा, केस उभे, हातात कागदांचा गठ्ठा.

"घंटा का नाही झाली?" तो म्हणाला.

घड्याळाचा काटा मध्येच अडकून बसला होता. केव्हाचा. आणि धाकटा घंटेची वाट बघत, म्हणजे घंटा होऊ नये म्हणून मान खाली घालून, गेल्या वर्षीचा अख्खा पेपर सोडवून मोकळा झाला होता. पहिल्यांदा. शेवटच्या प्रश्नापर्यंत.

बाबांनी आडव्याआडव्याच कागद मागितले, उजेडात धरून बघितले. त्यांना संख्याशास्त्रातलं अवाक्षर कळत नव्हतं. "उठलं," ते म्हणाले. "चित्र उठलं."

मामाने टी-शर्ट घडी करून पिशवीत घालायला घेतला, तर आईने तो हातातून काढून घेतला. "राहू दे. पंखा पुसायला होईल."

परीक्षेत वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा सगळी मुलं हात झटकत उठली. धाकट्याने मात्र दोन्ही हात डोक्यावर धरले, कारण आता कुणीतरी चाळणी मागणार. कुणी मागितली नाही. तो पास झाला, काठावर नाही, चांगला आत. खिडकीतल्या कारकुनाने पदवीचा कागद दिला आणि मान वर करून दोन्ही कान तपासले.

आता तो त्या लांबच्या शहरात असतो. ऑफिस, आणि ऑफिसपासून जवळ एक खोली. खिडकी आहे, पंखा आहे, पंखा काळा पडलाय. रविवारी घरी बसून काम करताना तो अजून पंचवीस मिनिटं लावतो, मोबाइलवर. मोबाइल बारीकसा वाजतो. तो दाराकडे बघतो. दार बंद असतं. पाच मिनिटं अख्खीच्या अख्खी त्याची असतात, आणि ती संपता संपत नाहीत.

एका रविवारी त्याने त्या पाच मिनिटांत घरी फोन लावला. आईने उचलला आणि कुजबुजत म्हणाली, "थांब जरा. आत आहेत."

"कोण?"

"तुझे बाबा. घड्याळ दुरुस्त करून आणलंय. तू गेल्यापासून रोज दुपारी दिवा लावून बसतात."

"काय करतात आत?"

"आता काय करणार? जुन्या निगेटिव्हचे डबे घेऊन बसतात. मी नाही विचारत. दिवा लाल असतो ना."

तेवढ्यात ती घंटा झाली. एवढ्या लांबून, फोनमधून, तरी त्याने दचकून फोन कानापासून लांब धरला. मग चपलांचे आवाज, दार, नर्सबाईंचं हसणं. आणि कंडक्टर काका, "पुढे सरका, पुढे सरका. फोनवाला पॅसेंजर आधी. लांबचा आहे."

फोन हातातून हातात गेला.

"हां, बोल," बाबा म्हणाले. मागे पाणी टपटपत होतं. "पाच मिनिटं आहेत."

धाकट्याला खूप बोलायचं होतं. पण डोळ्यांसमोर लाल दिवा दिसायला लागला होता नुसता. गॅसवर त्याचा चहा उकळून उकळून काळा झाला होता, आणि तो गाळायला खोलीत चाळणी नव्हती.

"बाबा," तो म्हणाला, "आईला विचारा ना, चाळणी कुठली घेऊ?"